श्रीसंत रोहिदास महाराज

काशीनजीकच्या सीर गोवर्धनपुरात चर्मकार कुळी श्रीरोहिदासांचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. माघी पौर्णिमेस आपण त्यांची जयंती साजरी करतो. कातडे कुंडीत भिजत घालावे, मऊ झाले म्हणजे रापीने तळ कापावा, आरीने भोके पाडून वादीने जोडा शिवावा आणि मुखी नाम असावे, असा त्यांचा दिनक्रम कथांतून दिसतो. साधू दाराशी आल्यास जोड्याचे मोल ते घेत नसत. त्यापायी वडिलांनी त्यांस वेगळे काढले, असे सांगतात. प्रपंच चालविणाऱ्या बापास आम्ही त्याबद्दल दोष देणार नाही.

१६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची सुमारे ४० पदे आहेत. त्यांत त्यांनी आपली जात झाकलेली नाही. काशीभोवती मेलेली गुरे ओढणारे आपले आप्त आहेत, हे ते उघड सांगतात. आता विप्रश्रेष्ठही आपणांस दंडवत घालतात, हेही त्याच पदात नोंदवितात. अन्यत्र आपल्या नामदेव शिंप्याचे नाव ते आदराने घेतात. एका पदात लोक जोडे शिवावयास आणतात, पण आपणांपाशी ना आरी ना रापी, असे अध्यात्माच्या अर्थाने म्हटले आहे. नाशिकच्या आपल्या दुकानांतील ही हत्यारे तेथे जवळजवळ त्याच नावांनी भेटतात!

त्यांच्या कुंडीत गंगा प्रकटल्याची कथा आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे. ताहराबादच्या महीपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ ग्रंथात रोहिदासचरित्र गाऊन ते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचविले.

एका कथेविषयी मात्र आम्हांस बोलणे प्राप्त आहे. प्रियादासांनी १७१२ साली भक्तमाळेवर टीका लिहिली. तीत रोहिदास पूर्वजन्मीचे ब्राह्मण ठरतात व त्वचेखालचे सोन्याचे जानवे दाखवितात. ज्यांनी आपले कूळ स्वमुखे सांगितले, त्यांना उसने कूळ कशास? चर्मकाराचे थोरपण ज्यांना साहवले नाही, त्यांनी शोधलेली ही सोय होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. गंगा कुंडीत आली ती जानवे पाहून नव्हे. येथे गोदातटी २ मार्च १९३० पासून काळारामाच्या दारी ज्यांनी सत्याग्रह केला, त्यांनीही जानवे मागितले नव्हते. मंदिरप्रवेशाचा हक्क मागितला होता.

मीराबाईंनी रोहिदासांस गुरू मानले, असे राजस्थानात सांगतात. चितोडगडावर मीरेच्या मंदिरासमोर त्यांची छत्री असून तीत पाउले कोरलेली आहेत. त्या बाजूस जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी ती अवश्य पाहावीत.