बंदी घातलेल्या पक्षाचा संन्यासी

माझे वडील प्रत्येक निवडणुकीत झेंडे बांधतात. पण पक्षात निर्णय कोण घेतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. ते समजावे म्हणून मी स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र वाचले.

१९०३ साली सिंदगीला जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर संन्यासी झाले, पण मठात बसले नाहीत. हिप्परगा, अंबाजोगाई येथील शाळांत त्यांनी मुले शिकवली. निजामाच्या राज्यात साध्या सभेलाही परवानगी लागे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूरला, म्हणजे आजच्या आपल्याच जिल्ह्यात! पुढे स्वामीजी तिचे चिटणीस झाले. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. ती १९४६पर्यंत टिकली. उघडी कचेरी नाही, तरी सत्याग्रहात शेकडो माणसे तुरुंगात गेली, स्वामीजीही गेले. मला वाटते, पक्ष तगला तो शाळा-परिषदांतून आधीच जोडलेल्या या माणसांवर.

१९४८ साली संस्थान मुक्त झाले, आणि सत्ता येताच गटबाजी वाढली. १९५२ साली मुख्यमंत्री झाले रामकृष्णराव. स्वामीजी खासदार झाले, मंत्री कधीच नाही. नेहरूंना हैदराबाद अखंड हवे होते. स्वामीजींनी मात्र पक्षात राहूनच भाषावार विभाजनाचा आग्रह धरला. १९५६ साली मराठवाडा वेगळा निघाला.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी गेले.