कान खोटं बोलतात तेव्हा...

लहानपणी फुगडी घातल्यावर काय व्हायचं, आठवतंय? तुम्ही थांबायचात, पण अंगण फिरतच राहायचं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव आपण थांबल्यावरही थोडा वेळ हलत राहतो आणि मेंदू फसतो. अंगणात ही गंमत वाटते, ढगात मात्र हीच फसगत जीव घेते. क्षितिज दिसेनासं झालं की विमान हळूहळू कलत असलं, तरी वैमानिकाला आपण सरळच चाललोय असं वाटतं. चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं विमान पावसाळी ढगांत शिरतं, तेव्हाही आपण निवांत बसलेले असतो. त्याचं बरंचसं श्रेय जातं जिमी डूलिटलला.

जिमीचा जन्म 14 डिसेंबर 1896चा, कॅलिफोर्नियातला. बालपण गेलं अलास्कातल्या नोम या सोन्याच्या शोधात वसलेल्या गावात. उंची कमी, पण पोरगा भांडायला मागे हटायचा नाही. पुढे बॉक्सिंगही केलं. पहिल्या महायुद्धात कॉलेज मध्येच सोडून तो सैन्यात गेला आणि वैमानिक झाला. सप्टेंबर 1922मध्ये त्याने फ्लोरिडाहून सॅन दिएगोपर्यंत अख्खी अमेरिका 24 तासांच्या आत ओलांडली. वाटेत रात्री वादळ आलं, बाहेर काहीच दिसेना. तेव्हा विमानाचं वळण दाखवणाऱ्या एका छोट्या यंत्राने त्याला तारलं.

टाळ्या मिळत होत्या, नाव झालं होतं. तरी पठ्ठ्या पुन्हा वर्गात जाऊन बसला! 1925मध्ये त्याने एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली. वाऱ्याचा विमानावर होणारा परिणाम हा त्याचा विषय. वारा कुठून येतोय ते अंगाला कळतं, अशी अनेक वैमानिकांची खात्री होती. जिमीने तपासलं, तर जमीन किंवा क्षितिज दिसत नसेल तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं. अंदाजावर विमान चालवण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे पचणं सोपं नव्हतं.

मग अंगाऐवजी विश्वास ठेवायचा कशावर? याच प्रश्नावर न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर काम सुरू झालं. उंची अचूक सांगणारा कोल्समनचा अल्टिमीटर आला, दिशा दाखवणारं यंत्र आलं आणि स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिजही आलं. जोरात फिरणारा भोवरा जसा सहजासहजी कलत नाही, त्याच तत्त्वावर हे क्षितिज चालतं. 24 सप्टेंबर 1929 रोजी जिमी कापडी झाकणाखाली बसला. बाहेरचं काहीही दिसत नव्हतं. फक्त यंत्रं आणि रेडिओच्या आधारे त्याने उड्डाण केलं, फेरी मारली आणि 15 मिनिटांत विमान उतरवलं. पुढच्या सीटवर मदतीला दुसरा वैमानिक होता, पण त्याला हात लावावा लागला नाही.

जगाने जिमीला लक्षात ठेवलं ते 1942मध्ये 16 विमानं घेऊन टोकियोवर केलेल्या हल्ल्यासाठी. 1993मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी तो गेला. पण रोज विमानाने फिरणाऱ्यांसाठी त्याची ती 15 मिनिटं जास्त मोलाची आहेत.

यंत्र आलं म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. आपल्या मुंबईतच बघा. 1 जानेवारी 1978च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जम्बो जेट दुबईला निघालं आणि दोनेक मिनिटांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. 213 जण गेले. कॅप्टनसमोरचं क्षितिजदर्शक बिघडलं होतं आणि बाहेर काळाकुट्ट समुद्र. इतर यंत्रांशी पडताळून विमान सावरणं वेळेत जमलं नाही.

म्हणून आज दोन्ही वैमानिकांसमोर निळं आकाश आणि तपकिरी जमीन दाखवणारे वेगवेगळे स्क्रीन असतात, शिवाय एक राखीव क्षितिजदर्शक. तिन्ही ताडून बघायचे, असं शिकवलं जातं.

तेव्हा दोस्तांनो, एखादी गोष्ट आतून अगदी पक्की वाटली, तरी एकदा तपासून बघा. जिमीने तर स्वतःच्या कानांवरही आंधळा विश्वास ठेवला नाही.