वसईचा मुलगा, जपानचा शहीद: कोण होते संत गोन्सालो गार्सिया?

डहाणू रोडहून लोकलने विरारकडे निघालं की पुढच्या पट्ट्यात वसई येते. आज डहाणू, तलासरी आणि वसई एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत याच वसईचे, हे किती जणांना माहीत असतं?

गोन्सालो यांचा जन्म 1556 च्या सुमारास झाला. तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंकडे झालं. (तलासरीतली ज्ञानमाता सदन शाळाही याच संघाची.) किशोरवयातच ते या धर्मगुरूंसोबत जपानला गेले आणि तिथली भाषा शिकले. पुढे व्यापारात पडले, पैसाही कमावला.

मग हे सगळं सोडून मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करा, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा. पण शेजारी म्हणजे नेमकं कोण? गोन्सालो यांचं उत्तर त्यांच्या कामातून दिसतं.

1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. क्योटोत या ब्रदरांनी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उघडलं. ज्यांना समाजाने दूर लोटलं होतं, त्यांची शुश्रूषा ते स्वतः करत. ना ते त्यांच्या देशाचे, ना नात्यातले.

1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर अडकलं. मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचं सैन्य येईल, असा संशय राज्यकर्ता हिदेयोशी याला आला आणि धरपकड झाली. पकडलेल्यांच्या कानाचा भाग कापून, ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर चढवलं गेलं. त्यात जपानी ख्रिस्ती होते, लहान मुलंही होती. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते.

1862 मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत घोषित केलं. आज वसईत गोन्सालो यांच्या नावाचं कॉलेज आहे.

त्यांची आठवण शहीद म्हणून निघते. पण त्या मरणाआधीची काही वर्षं त्यांनी परक्या मुलखातल्या कुष्ठरुग्णांच्या जखमा धुण्यात घालवली, तेही विसरायला नको. शेजारी म्हणजे फक्त भिंतीपलीकडचा माणूस नव्हे, हे त्यांनी जगून दाखवलं.