ज्योतिर्विद कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

राजे, संत व देशभक्त यांची चरित्रे आपल्या घरोघरी मुलांस सांगितली जातात. शास्त्रांचा इतिहास शोधून तो लोकांपुढे मांडणाऱ्या पुरुषांची ओळख मात्र त्यांस क्वचितच होते. अशा एका पुरुषाचे चरित्र येथे सादर करीत आहोत.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म इ. स. १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. त्यांस विश्वविद्यालयाची पदवी लाभली नाही. शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी ज्योतिषगणिताचा व्यासंग केला.

त्या व्यासंगाचे फळ आपल्या जुन्या मध्यप्रांताच्या इतिहासासही मिळाले. इ. स. १९५६ पर्यंत भंडाऱ्याबरोबर एकाच प्रांतात असलेल्या सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तेथील स्तंभलेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काळ कोरलेला आहे. परंतु गुप्त संवताचा आरंभ केव्हाचा, याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद होते. आरंभ इ. स. ३१९-२० मानल्यास ही तिथी इ. स. ४८४ च्या २१ जून रोजी येते व त्या दिवशी गुरुवारच पडतो, हे दीक्षितांनी गणिताने दाखविले. गुप्तकालीन लेखांच्या इ. स. १८८८ च्या आपल्या ग्रंथात फ्लीटसाहेबांनी त्यांच्या गणिताचा आधार घेतला.

हे ज्ञान विद्वानांपुरतेच राहू नये, ही दीक्षितांची तळमळ होती. सामान्य वाचकांस आकाशाची गोडी लागावी म्हणून इ. स. १८९२ साली त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिला. इ. स. १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा महाग्रंथ मराठीतच प्रसिद्ध झाला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे आर्यभटाने सांगितले, तरी पुढील मोठमोठ्या ज्योतिष्यांनी ते नाकारले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ज्या-चापांचे क्लिष्ट गणित टाळून 'ग्रहलाघव' रचला व पंचांगकर्त्यांचे श्रम वाचविले. असा विस्मृत इतिहास त्यामुळे मराठी वाचकांस सुलभ झाला.

इ. स. १८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच ते निवर्तले. पुढे या ग्रंथाची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली.

एका दगडावरील तिथी-वारातून एवढा इतिहास उलगडला. वैनगंगेकाठच्या आपल्या घरांतही जुनी पंचांगे व पोथ्या असतील. त्या रद्दीत जाऊ न देता मुलांकडून वाचवून घ्याव्यात. दीक्षितांचे खरे स्मरण तेच होय.