भूगर्भाचा ठाव

मनुष्याने आकाशातील ताऱ्यांची अंतरे मोजली, सागरांचे तळ धुंडाळले; परंतु ज्या भूमीवर तो उभा आहे, तिच्या अंतरंगाचा ठाव घेणे त्याला फार काळ साधले नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. रशियाच्या उत्तरेस कोला द्वीपकल्पात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खोदकाम करून एक विवर पाडले. १९८९ साली ते १२ किलोमीटरांच्या थोडे पलीकडे पोहोचले आणि तेथील उष्णतेपुढे माणसाची यंत्रे हतबल झाली. मग हजारो किलोमीटर खोलीवर काय दडले आहे, हे कळावे तरी कसे? हे कोडे डेन्मार्कमधील एका विदुषीने एकही खड्डा न खणता, केवळ कागदावर उमटलेल्या वेड्यावाकड्या रेषा वाचून उलगडले. तिचे नाव इंगे लेमान.

इंगेचा जन्म १३ मे १८८८ रोजी डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे झाला. तिचे वडील आल्फ्रेड लेमान हे कोपनहेगन विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन करीत व प्रयोगही करीत. इंगे पंधरासोळा वर्षांची असताना एका रविवारी सकाळी ती आई व बहीण यांच्यासह घरात बसली होती. एकाएकी पायांखालची जमीन हलू लागली आणि छताला टांगलेला दिवा झोके घेऊ लागला. इतक्यात वडील खोलीत आले व हा भूकंप असल्याचे त्यांनी सांगितले. भूकंप फार दूर कोठेतरी झाला होता. डेन्मार्कच्या भूमीला असे हादरे क्वचितच बसतात. पुढे सुमारे वीस वर्षे इंगेला दुसरा भूकंप अनुभवास आला नाही. आणि जेव्हा भूकंपांशी तिचा पुन्हा संबंध आला, तेव्हा तो जन्मभराचा ठरला.

इंगेची शाळा त्या काळी अगदी आगळी होती. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या मावशी हाना आडलर ही शाळा चालवीत. तेथे मुलगे व मुली एकत्र शिकत. मुली चेंडू खेळत, मुलगे शिवणकाम शिकत. आणि बुद्धीच्या बाबतीत मुलगा व मुलगी असा भेद कोणी मानीत नसे. इंगेला गणिताची विलक्षण गोडी होती. वर्गातील उदाहरणे तिला सोपी वाटत, म्हणून शिक्षक तिला अधिक अवघड उदाहरणे देत. मुलीच्या प्रकृतीला हा ताण झेपणार नाही, अशी काळजी आईवडिलांना वाटे. मुलीला खरा त्रास होता तो कंटाळ्याचा!

शाळेबाहेरचे जग मात्र शाळेसारखे नव्हते. कोपनहेगन विद्यापीठात गणिताचा अभ्यास सुरू केल्यावर १९१० साली इंगे इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे न्यूनम महाविद्यालयात दाखल झाली. तेथे स्त्रियांच्या वागण्याफिरण्यावर नाना बंधने होती. स्त्रियांनी परीक्षा द्यावी, उत्तम गुण मिळवावेत; परंतु विद्यापीठाची पदवी मात्र त्यांना मिळू नये, असा तेथील नियम होता. तो १९४८ सालापर्यंत टिकला. इंगेने अहोरात्र अभ्यास केला. त्याचा परिणाम प्रकृतीवर झाला आणि १९११ च्या अखेरीस ती थकलेल्या शरीराने मायदेशी परतली. शिक्षण अर्ध्यावर राहिले.

यानंतर कित्येक वर्षे तिने विम्याचे हिशेब करणाऱ्या एका कचेरीत नोकरी केली. आकड्यांच्या लांबलचक रांगा मांडाव्यात, बेरजा-गुणाकार करावेत, एकही चूक राहू नये म्हणून ते पुन्हा तपासावेत, असे ते नीरस काम होते. एका बुद्धिमान मुलीचे आयुष्य येथे वाया चालले आहे, असे पाहणाऱ्यास वाटले असते. परंतु मोठमोठ्या आकडेमोडीतून अचूक वाट काढण्याचे जे कौशल्य तिने या काळात कमावले, तेच पुढे तिचे सर्वांत मोठे शस्त्र ठरले. १९१८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने पुन्हा विद्यापीठाची पायरी चढली आणि दोन वर्षांनी पदवी मिळविली.

१९२५ साली लेमानबाईंच्या आयुष्याला वळण मिळाले. डेन्मार्कमधील भूमापन खात्याचे प्रमुख नील्स नॉर्लुंड यांनी त्यांना साहाय्यक नेमले. कोपनहेगनजवळ आणि दूरच्या हिमाच्छादित ग्रीनलंडमध्ये भूकंपमापक यंत्रे बसवावयाची होती. या कामावर नेमलेल्या तरुणांपैकी एकानेही असे यंत्र पूर्वी पाहिलेले नव्हते. लेमानबाईंनी ग्रंथ मिळवून हे नवे शास्त्र स्वतःच शिकण्यास प्रारंभ केला. त्या परदेशी गेल्या आणि त्या काळच्या श्रेष्ठ भूकंपशास्त्रज्ञांना भेटून त्यांनी आपल्या शंका विचारल्या. १९२८ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी भूमापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी संपादन केली. त्याच वर्षी त्या नव्याने स्थापन झालेल्या भूमापन संस्थेच्या भूकंपविभागाच्या प्रमुख झाल्या. ज्या वयात पुष्कळ लोक आपले शिक्षण संपून युगे लोटली असे समजतात, त्या वयात त्यांच्या खऱ्या शिक्षणाला आरंभ झाला होता.

भूकंपमापक यंत्र म्हणजे भूमीची नाडी पाहणारा वैद्यच होय. जगात कोठेही मोठा भूकंप झाला, की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून सर्व दिशांना धावतात आणि हजारो किलोमीटरांवरील यंत्राच्या कागदावर आपली रेषा उमटवितात. या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या लहरी ध्वनीप्रमाणे पुढे-मागे दाब देत जातात. त्या घन व द्रव अशा दोन्ही पदार्थांतून पार होतात. दुसऱ्या प्रकारच्या लहरी, दोरीचे टोक झटकल्यावर दोरीत उठणाऱ्या नागमोडी लाटेसारख्या असतात. त्यांना द्रव पदार्थातून जाता येत नाही. भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील अधिकारी रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ सालच्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास करताना या लहरी निरनिराळ्या ओळखल्या होत्या. १९०६ साली त्यांनीच पृथ्वीच्या मध्यभागी वेगळ्या द्रव्याचा गाभा असल्याचे दाखविले. हा गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो, असे बेनो गुटेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने गणिताने ठरविले. दुसऱ्या प्रकारच्या लहरी गाभ्यातून पार होत नाहीत. म्हणून हा संपूर्ण गाभा द्रवरूप आहे, असे विद्वानांचे मत बनले.

पाण्यात शिरताना प्रकाशाचा किरण जसा वाकतो, तशा गाभ्यात शिरताना भूकंपाच्या लहरी वाकतात. त्यामुळे भूकंपाच्या स्थानापासून दूर, पृथ्वीवरील एका रुंद पट्ट्यात पहिल्या प्रकारच्या लहरी सरळ पोहोचूच शकत नाहीत. या पट्ट्यास छायाप्रदेश म्हणतात. गाभा जर केवळ द्रवाचा असेल, तर छायाप्रदेशात शांतताच असावयास हवी.

जून १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांतून कोपनहेगनला आल्या. त्या तपासताना लेमानबाईंना रशियातील स्वर्डलॉव्हस्क व इर्कुत्स्क येथील कागदांवर काही रेषा स्पष्ट दिसल्या. त्या लहरी तेथे पोहोचावयास नको होत्या! इतर शास्त्रज्ञांनीही अशा लहरी पाहिल्या होत्या. परंतु गाभ्याच्या कडेवरून त्या वळून आल्या असाव्यात, असे म्हणून त्यांनी तो प्रश्न बाजूस ठेवला होता. लेमानबाईंना हे उत्तर पटेना.

त्या काळी गणकयंत्रे नव्हती. नव्या संशोधनाचे काम त्यांच्या नेमणुकीत धरलेले नव्हते. यंत्रांची देखभाल करणे व नोंदी वाचून प्रसिद्ध करणे हेच त्यांचे कर्तव्य होते. मदतीस माणसेही अपुरी होती. तरीही फावल्या वेळात त्या बागेतील मोठ्या मेजावर पुठ्ठ्याची खोकी मांडून बसत. ही खोकी ओटचे पीठ संपल्यावर रिकामी झालेली असत. प्रत्येक खोक्यात कागदाचे तुकडे रचलेले असत आणि प्रत्येक तुकड्यावर एखाद्या भूकंपाची वेळ व त्याच्या लहरींचा वेग टिपलेला असे. विम्याच्या कचेरीत अंगी बाणलेली शिस्त आता पृथ्वीचा हिशेब मांडीत होती.

अखेर त्यांनी एक साधी कल्पना गणिताने पारखून पाहिली. पृथ्वीच्या बाह्य भागात लहरींचा वेग सेकंदाला १० किलोमीटर व गाभ्यात ८ किलोमीटर आहे, असे त्यांनी गृहीत धरले. केवळ एवढ्याने छायाप्रदेशातील लहरींचा उलगडा होईना. मग त्यांनी गाभ्याच्या मध्यभागी आणखी एक लहान गोल कल्पिला, ज्यात लहरी अधिक वेगाने धावतात. आंब्याच्या कोयीच्या पोटात जशी पुन्हा एक बी असते, तसाच हा प्रकार! अशा गोलावर आदळून काही लहरी दिशा बदलणार आणि छायाप्रदेशात जाऊन पोहोचणार. गणित आणि नोंदी यांचा मेळ बसला. १९३६ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. या अंतर्गाभ्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे, असे आज मानले जाते. बाहेरील गाभा द्रव असला, तरी हा अंतर्गाभा घन असून मुख्यतः लोखंडाचा आहे, ही गोष्ट पुढे इतर शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. थोड्याच वर्षांत जगातील प्रमुख भूकंपशास्त्रज्ञांनी लेमानबाईंचे मत मान्य केले.

एवढे यश मिळूनही त्यांचा मार्ग निष्कंटक झाला नाही. १९४० ते १९४५ या काळात डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात होता आणि परदेशांतील शास्त्रज्ञांशी संपर्क ठेवणे कठीण झाले होते. १९५२ साली कोपनहेगन विद्यापीठात भूभौतिकीच्या प्राध्यापकपदासाठी त्यांच्या नावाचा विचार झाला, परंतु ते पद त्यांना लाभले नाही. १९५३ साली, पासष्टाव्या वर्षी, त्या सेवानिवृत्त झाल्या. मात्र निवृत्ती म्हणजे विश्रांती असे त्यांनी मानले नाही. अमेरिकेत वेळोवेळी राहून त्यांनी पृथ्वीच्या वरच्या थरांचा अभ्यास केला. सुमारे २२० किलोमीटर खोलीवर लहरींचा वेग एकाएकी बदलतो, असे त्यांना आढळले. त्या सीमेला आज त्यांचेच नाव आहे. १९६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. १९७१ साली भूभौतिकीतील अत्यंत मानाचे विल्यम बोवी पदक त्यांना मिळाले; ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

पृथ्वीच्या पोटातील रचना जाणून मनुष्याला काय लाभ, असा प्रश्न कोणी विचारील. पृथ्वीच्या अंतर्गाभ्यात ५,००० अंशांहून अधिक उष्णता आहे. पृथ्वीच्या जन्मकाळापासून साठलेली उष्णता आणि खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांपासून निर्माण होणारी उष्णता सतत वर येत असते. कोकणात उन्हवरे येथे जमिनीतून निघणारे ऊन पाणी याच भूगर्भातील उष्णतेची खूण आहे. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली भूगर्भातील वाफेच्या बळावर प्रथम विजेचे दिवे पेटले. डेन्मार्कमध्येही थिस्टेड या गावी १९८४ पासून जमिनीखालच्या ऊन पाण्याने घरे उबदार करण्यास सुरुवात झाली. कोळसा व खनिज तेल हे साठे एक दिवस संपणारे आहेत, आणि त्यांच्या धुराने वातावरण तापत आहे. भूमीची उष्णता मात्र दिवसरात्र उपलब्ध असते.

हे ऊन पाणी नेमके कोठे आहे, हे शोधण्यासाठी सगळीकडे खोदत बसणे परवडत नाही. म्हणून भूभौतिकीचे उच्च शिक्षण घेतलेले तरुण जमिनीला कृत्रिम कंप देतात आणि खालून परत येणारे प्रतिध्वनी यंत्रांवर वाचतात. १९९१ साली डेन्मार्कने समुद्रात जगातील पहिला पवनचक्क्यांचा समूह उभारला. आज असे समूह अनेक देशांच्या किनाऱ्यांजवळ उभे आहेत. खोल पाण्यात अशा चक्क्या रोवण्यापूर्वी तळाखालचे थर याच रीतीने पारखावे लागतात. लहरींवरून न दिसणारी वस्तू ओळखण्याची जी विद्या लेमानबाईंनी चाळिशीत शिकून घेतली, तीच आज निर्मळ ऊर्जेच्या शोधात उपयोगी पडत आहे.

लेमानबाईंनी आपला शेवटचा लेख १९८७ साली, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी लिहिला. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी, १०४ वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून, कोपनहेगन येथे त्यांनी देह ठेवला. अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांनी पुन्हा हाती घेतले, नीरस कामातूनही विद्या वेचली आणि इतरांनी दुर्लक्षिलेल्या एका बारीक रेषेचा पाठपुरावा सोडला नाही. म्हणूनच जिला भूकंपाचा तडाखा क्वचितच बसतो, अशा एका शांत भूमीत बसून त्यांना पृथ्वीच्या हृदयाचा ठोका ऐकू आला.