माता हीच प्रथम गुरू

अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या मराठी कुळातले. पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीस हे गुरुजी संस्कृत शिकवीत. स्त्रीमुखातून गीर्वाणवाणी ऐकून शास्त्रीबुवांनी संकल्प केला, की आपल्या घरातील स्त्रियांनाही ही विद्या द्यावी. प्रथम पत्नीच्या वेळी तो सिद्धीस गेला नाही. पुढे म्हैसूरच्या दरबारी मानसन्मान लाभला, तरी मनातील संकल्प ढळला नाही.

द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई वयाने लहान होत्या. शास्त्रीबुवांनी त्यांना संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा लोक क्षुब्ध झाले. उडुपीच्या धर्मसभेत शास्त्रीबुवांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली आणि सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात संसार थाटला. तेथेच 23 एप्रिल 1858 रोजी कन्या रमा जन्मली.

रमा आठ वर्षांची झाली, तोवर पिता वृद्ध झाले होते. परंतु कित्येक वर्षांपूर्वी घडविलेली गुरुमाता घरात सिद्ध होती. यात्रेच्या वाटेवर, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, उषःकाली लक्ष्मीबाई मुलीस जागे करून पाठ देत. ना शाळा, ना छापील पुस्तकांचा संभार. मुखाने सांगावे नि मुखाने म्हणवून घ्यावे.

दुष्काळाने मातापिता दोघेही हिरावले. मातेने दिलेली विद्या मात्र उरली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. पुढे त्यांनी धर्माची वाट निराळी धरली, तरी या विद्येचे मूळ मातेच्या पहाटपाठातच होते. अपत्यास घरी शिकवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम गृहिणीच्या अध्ययनाची चिंता वाहावी, हाच या चरित्राचा बोध होय.