खिळे ओतणारा कारकून

शंकर आबाजी भिसे यांना लोक पुढे ‘भारताचे एडिसन’ म्हणू लागले. पण यंत्रविद्येची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मलेल्या भिसे यांनी चौदाव्या वर्षी घरीच दगडी कोळशापासून वायू काढण्याचे साधन उभे केले. पुढे सरकारी कचेरीत कारकुनी करता करता किराणा मालाचे आपोआप वजन करणारे यंत्र त्यांनी कल्पिले. लंडनच्या एका स्पर्धेत ते पहिले आले आणि भिसे विलायतेला गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला.

छपाईचे खिळे मिनिटाला बाराशेच्या वेगाने ओतणारे ‘भिसोटाइप’ ही त्यांची मोठी कामगिरी. जाणकारांना ते अशक्य वाटले. भिसे यांनी ते करून दाखवले. घोडे अडले ते पैशापाशी. कबूल झालेले भांडवल आले नाही आणि १९०८ च्या अखेरीस ते परत निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांच्यामुळे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा पाठीशी आले, १९१० मध्ये कंपनी निघाली. तीही काही वर्षांत मिटली. मग न्यूयॉर्क, नवी धडपड आणि १९३५ मध्ये तेथेच अखेर.

बँकेत मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचले. तारणाच्या रकान्यात डोक्यातली कल्पना लिहिता येत नाही. आमच्या पूर्णगडला होडीचे इंजिन खोलून बसलेला, कुठेही न शिकलेला पोरगा दिसला की भिसे आठवतात. त्याच्या हातात कसब आहे. त्याला गोखले कोणत्या बोटीवर भेटणार?